उसनं नाक

मिशिगनमधल्या ॲन आर्बरला आल्यानंतर तिसऱ्या हिवाळ्यात मी घरी बीअर करायला लागलो, आणि नागपूरला माझ्या आईला हे अजून माहीत नाही. एकदा व्हिडिओ कॉलवर तिला माझ्या पाठीमागे पंचवीस किलोचं पोतं दिसलं. “हे काय रे?” तिनं विचारलं. “जव आहेत,” मी म्हणालो. खोटं नव्हतं. मुलगा शुगर सांभाळायला जवाची भाकरी खातो ही बातमी आठवड्याभरात आमच्या सगळ्या गोतावळ्यात फिरली, आणि एका मावशीनं तर रेसिपी मागितली. अर्धं खरं सांगून वेळ मारून न्यायची ही खोड मला लहानपणापासूनची आहे. तिचं मला कधी फारसं वाईट वाटलं नव्हतं.

बीअरला लागतात ते नुसते जव नव्हेत. त्यांना मोड आणून, वाळवून, भट्टीत कमीजास्त भाजलेलं असतं. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो त्यातलाच प्रकार. त्याला मॉल्ट म्हणतात. दुकानात ते लहान लहान पिशव्यांतून मिळतं आणि बहुधा शिळं असतं. म्हणून आमच्या भागातले आम्ही दहाजण मिळून वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑगस्टच्या सुरुवातीला, थेट पोत्यांची ऑर्डर द्यायचो. ट्रक यायचा एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या दारात आणि वाटप व्हायचं त्यांच्या गराजमध्ये.

हे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीच्या लॅबसाठी काचेची उपकरणं फुंकून बनवण्यात त्यांची हयात गेली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांब ओरेगनला. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना सरळ नावानं हाक मारायचो, पण मनात ते काकाच होते, आणि मनातल्या काकांना ‘तुमचं चुकतंय’ असं म्हणायची माझी टाप नव्हती. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत चालायचं; आठवताना मला ते मराठीत आठवतं, आणि त्यात ते मला ‘अरे’ म्हणतात.

वाटपाचा एक नियम त्यांनी घालून दिला होता. जो माप घालेल त्यानं आपली बादली सगळ्यात शेवटी उचलायची. एवढ्या एका नियमामुळे त्या गराजमध्ये कधी कुणाचं वाजलं नाही. मी ज्या हाउसिंग सोसायटीत वाढलो तिथे पाण्याच्या टाकीवरून तीन पिढ्या भांडल्या, म्हणून मला या नियमाचं फार अप्रूप होतं. पिठूळ धूळ उडायची, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या, आणि एक रिटायर्ड नर्सबाई हातात यादी घेऊन कुणाचं काय ते पुकारायच्या. ऑर्डरचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. दुपारपर्यंत प्रत्येकजण आपापल्या झाकणबंद बादल्या गाडीत घालून घरी.

पण लोक खरे जमायचे ते हॉप्ससाठी. हॉप्सची वेल असते, दोन मजले चढणारी. तिला बोटाच्या पेराएवढी हिरवी, पाकळ्यापाकळ्यांची बोंडं येतात आणि पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी भुकटी असते. बीअरचा कडवटपणा आणि वास या भुकटीचा. जगभर ती बोंडं सुकवून वापरतात, आम्हीही एरवी तसंच करायचो. पण वर्षातून एक दिवस ताजी, ओली, वेलीवरून उतरवलेली बोंडं त्याच दिवशी उकळत्या पातेल्यात टाकायची. दुसऱ्या दिवसापर्यंत ती ढिगात तापून सडायला लागतात. काका-काकूंनी पंचवीस वर्षांपूर्वी मुळ्यांचे तुकडे आणून घराच्या दक्षिणेच्या भिंतीला सहा वेली लावल्या होत्या. दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस केव्हातरी काका सगळ्यांना ईमेल करायचे, “अमुक दिवशी.” त्या एका ओळीसाठी माणसं ट्रिपा कॅन्सल करायची.

तो दिवस ठरतो नाकानं. बोंड दोन तळव्यांमध्ये धरून गरम होईपर्यंत चोळायचं आणि हुंगायचं. लवकर असेल तर गवताचा वास येतो. वेळेवर असेल तर संत्र्याच्या सालीचा आणि त्यामागे थोडा पाइनचा. नागपूरच्या माणसाला संत्रंच सुचणार असं तुम्ही म्हणाल, पण ते मी नाही, काकाच म्हणायचे. आणि उशीर झाला की कांद्यालसणाचा. हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. “तुला कदाचित आवडेल,” असं म्हणून ते हसले होते. उशीर होतो तो फार पटकन होतो, हेही सांगितलं होतं.

एका एप्रिलमध्ये वाटप आटोपून सगळे गेले आणि मी गराज झाडत होतो. काकांनी मूठभर मॉल्ट माझ्यापुढे धरलं.

“कसला वास येतोय?”

“टोस्टचा,” मी म्हणालो. “मारी बिस्किटाचा.” मारी बिस्किट त्यांना समजावून सांगावं लागलं.

“मला कसलाच येत नाही,” ते म्हणाले. “जानेवारीत आजारी पडलो होतो ना, तेव्हापासून. डॉक्टर म्हणतात, येईल. नाहीतर नाही येणार.”

मी झाडू तसाच धरून उभा राहिलो. त्यांनी मूठ बादलीत रिकामी केली आणि अगदी कामाचं बोलल्यासारखं म्हणाले, “हॉप्सचा दिवस तू मला सांगायचा. तू हुंगायचं, मला सांगायचं, ईमेल मी करीन. दुसऱ्या कुणाला कळू द्यायचं नाही.”

“पण का? त्यांना सांगितलंत तर काय बिघडेल?”

“हा माल कुणाच्याही दारात उतरू शकतो,” ते म्हणाले. “माझ्या दारात उतरतो कारण दिवस मी सांगतो. वर्षातून चार वेळा या घरात माणसं येतात. मला त्यांनी वेलींसाठी यायला हवंय, माझी कीव करायला नको.”

मीच का, हेही मी विचारलं. “तू रोज स्वयंपाक करतोस. आणि कमी बोलतोस,” ते म्हणाले. दोन्ही गुण माझ्या बायकोनं कधी मान्य केलेले नाहीत. पण मी फुशारलो, हे कबूल करतो. ज्या देशात अठरा वर्षं राहूनही माझ्या मुक्कामाची मुदत कुठल्यातरी कागदावर लिहिलेली असते, तिथे एका माणसाला माझ्यावाचून चालणार नव्हतं.

त्या वर्षी सगळं नीट झालं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी रोज सकाळी कामाआधी त्यांच्याकडे जायचो, शिडीवर चढून वरची, मधली, खालची अशी तीन बोंडं चोळायचो आणि त्यांना सांगायचो. ते डोळे मिटून ऐकायचे. “गवत किती? संत्रं किती?” असं डॉक्टरनं दुखणं विचारावं तसं विचारायचे. पाचव्या दिवशी मी म्हणालो, “आज.” त्यांनी ईमेल केली. ऑक्टोबरमध्ये सगळ्यांच्या बाटल्या त्यांच्या गराजमध्ये उघडल्या जातात, तेव्हाचीही एक रीत होती: सगळ्यांच्या ग्लासात ओतून झालं की पहिला शब्द काकांचा. ते बोलेपर्यंत कुणी बोलायचं नाही. म्हणून आदल्या दिवशी मी माझी बाटली घेऊन गेलो, चव घेतली, वास सांगितला, आणि त्यांनी चिठ्ठीवर उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी माझेच शब्द त्यांनी असे रंगवून सांगितले की मलाच ती बीअर नव्यानं आवडली. कुणाला कसला संशय आला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या कंपनीत माणसं कमी करायला सुरुवात झाली. सोमवारी शेजारच्या टीममधले चौघे गेले. व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की त्याच्या हातात साठ दिवस उरतात, मग गाशा गुंडाळायचा. माझी मुलगी अकरावीत होती. त्या आठवड्यात ऑफिसच्या चॅटवर माझ्या नावापुढचा ‘हजर’ दाखवणारा हिरवा ठिपका एक मिनिटही विझू नये म्हणून मी लॅपटॉप घेऊन बाथरूमपर्यंत गेलो आहे. आदल्या दिवशी, रविवारी, मी हॉप्स हुंगले होते, गवतच जास्त होतं. सोमवारी गेलो नाही. मंगळवारी काकांचा फोन आला.

“अजून चार दिवस तरी आहेत,” मी त्यांना घरूनच सांगितलं.

“तू आज पाहिलंस?”

“रविवारी पाहिलं ना. अजून कच्चे आहेत.”

“ऊन फार आहे रे,” ते म्हणाले. “बरं, तू म्हणशील तसं.”

ऊन खरंच फार होतं. बुधवार, गुरुवार तर मिशिगनमध्ये नाही नागपुरात बसल्यासारखं वाटत होतं. मला हॉप्स आठवत नव्हते असं नाही. दहा मिनिटांचा रस्ता होता.

शुक्रवारी सकाळी मी मीटिंगमध्ये होतो, म्हणजे कॅमेरा बंद करून, म्यूटवर, आणि लसूण सोलत होतो. इथे सोललेला लसूण डब्यात मिळतो, पण बायको पुण्याची. डब्यातल्याला ती लसूण मानत नाही. खोबऱ्याच्या चटणीसाठी पाव किलो गड्डे तिनं माझ्यापुढे ठेवले होते.

“तू त्या काकांकडे गेलास का या वीकमध्ये?” तिनं विचारलं.

“जातो आता. मीटिंग संपली की पुढची नाइन थर्टीला आहे.”

“मग जा ना यार, सोड ते. ते बिचारे वेट करत असतील.”

मी तसाच उठलो. गाडी चालवली, शिडी लावली, एक बोंड खुडलं, चोळलं, हुंगलं. लसूण. अगदी स्वच्छ लसूण. मी हातांकडे पाहिलं. नखांत सालं अडकलेली होती. अर्थात, मी मनाशी म्हणालो, आत्ताच तर सोलून आलोय. आणखी एक चोळलं. त्यात लसणाच्या खाली संत्रं आहे असं मला वाटलं. वाटलं म्हणजे मी ते वाटून घेतलं. बोंडांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या होत्या. बागेचा नळ तिथून दहा पावलांवर, नळाशेजारी साबणाची वडी. हात धुऊन पुन्हा एकदा हुंगायला तीन मिनिटं लागली असती. मी घड्याळ पाहिलं, नऊ वाजून एकोणीस मिनिटं झाली होती.

काका खाली शिडी धरून उभे होते. “काय म्हणतायत?”

“तयार आहेत,” मी वरूनच म्हणालो.

“संत्रं?”

“संत्रं.”

हात धुतले असते तरी मला काय कळलं असतं? हेच, की उशीर झालाय. मग काय बोललो असतो, हे मला आजही खात्रीनं सांगता येत नाही. पण धुतले नाहीत एवढं खरं. आणि दुसऱ्या दिवशी शनिवार, फुटबॉलची मॅच. मॅचच्या दिवशी अख्खं गाव गाड्यांनी तुंबतं, त्या दिवशी आमचा कुठलाच कार्यक्रम होत नाही. काकांनी रविवार ठरवला. म्हणजे आणखी दोन दिवस, तेही तसल्याच उन्हात.

रविवारी सकाळी दहाच्या दहा जण हजर. वेली दोरांसकट कापून खाली अंगणात आडव्या घातल्या आणि आम्ही खुर्च्या टाकून बोंडं खुडायला बसलो. आता माझे हात स्वच्छ होते. दोन दिवसांत मी लसणाला शिवलो नव्हतो. पहिलंच बोंड चोळलं, तर लसूणच. वेली जमिनीवर आल्या होत्या, म्हणजे आता वरातीमागून घोडं. आजूबाजूला हिरवा, चिकट, डोक्यात जाणारा वास इतका होता की लसूण त्यात मधूनच डोकवायचा आणि लपायचा. तरी यादीवाल्या नर्सबाई म्हणाल्याच, “यंदा जरा उग्र नाही वाटत?”

सगळे थांबले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, क्षणभर. मी ‘ठीक आहे’ अशी मान हलवली.

“उन्हामुळे,” काका ठामपणे म्हणाले. “उकळल्यावर जाईल.”

ज्या माणसानं वीस-पंचवीस वर्षं दिवस चुकवला नाही त्याच्यापुढे पुन्हा कोण बोलणार? माणसं परत खुडायला लागली. एकानं कुठलीशी जुनी गंमत सांगितली, सगळे हसले, मीही हसलो. दुपारपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला उशीएवढी पिशवी आली, आणि माप घालणाऱ्यानं आपली पिशवी शेवटी उचलली. संध्याकाळपर्यंत दहा घरांमध्ये दहा पातेल्यांत ती बोंडं शिजत होती. आमच्या स्वयंपाकघरात मुलगी नाक धरून आली आणि म्हणाली, “बाबा, व्हाय डझ इट स्मेल लाइक आमटी?” मी एक्झॉस्ट फॅन मोठा केला.

बीअर तयार व्हायला पाच आठवडे लागतात. त्या पाच आठवड्यांत मला रोज एकदा तरी वाटायचं की जाऊन सांगावं. माझी नोकरी वाचली होती, सांगायला पुष्कळ वेळ होता. बायकोला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आत्ताच्या आत्ता फोन कर. सॉरी म्हण. ते ओरडतील, संपेल.” ती बरोबर होती. पण मला त्यांच्या ओरडण्याची भीती नव्हतीच. ते ओरडणार नाहीत याची होती. आणि कुठेतरी आशाही होती की उकळल्यावर गेला असेल. त्यांनीच नव्हतं का म्हटलं? म्हणजे मी शिडीवरून मारलेल्या थापेवर त्यांनी जे ठोकून दिलं, त्याच्यावर मी विश्वास ठेवून बसलो होतो.

ऑक्टोबरमध्ये, बाटल्या उघडायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ठरल्याप्रमाणे माझी बाटली घेऊन त्यांच्याकडे गेलो. मनात ठरवलं होतं, आज सांगायचं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी चिठ्ठी आणि पेन्सिल मांडून ठेवली होती. गराज झाडलेलं, ग्लास पुसून ओळीनं उपडे घातलेले, त्यातले काही त्यांनी स्वतः फुंकलेले. मी बाटली उघडली आणि ग्लास नाकाशी नेला. चटणी. आमची शुक्रवारची खोबऱ्याची चटणी, थंडगार आणि फेसाळ.

“हं, बोल,” ते पेन्सिल घेऊन म्हणाले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी दाढी केली होती. निळा स्वेटर घातला होता, तो मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

“संत्र्याची साल,” मी म्हणालो. “थोडा पाइन. शेवटी जरा तिखट.”

ते लिहीत होते. “तिखट कसं? मिरीसारखं?”

“मिरीसारखं.”

घरी येताना मी स्वतःला बजावलं की कदाचित माझीच बाटली बिघडली असेल. माझी बोंडं खालच्या फांद्यांची होती. बाकी नऊ जणांची कदाचित चांगली असेल. आपण किती हुशार आहोत हे आपल्याला अशाच वेळी कळतं.

रविवारी दुपारी गराजचं दार अर्धवट वर करून आम्ही बसलो. बाहेर झाडं पिवळी झाली होती, हवा थंड होती. पहिली बाटली नर्सबाईंची. सगळ्यांच्या ग्लासांत ओतली गेली. रीतीप्रमाणे कुणी बोललं नाही, पण मी माणसांकडे पाहत होतो. एकेकजण ग्लास नाकाशी नेत होता आणि थोडा लांब धरून पुन्हा पाहत होता. एकानं शेजाऱ्याकडे पाहिलं, शेजाऱ्यानं खाली. हिची बाटली बिघडली, बिचारी, असं प्रत्येकाला वाटत असणार. आपलीही घरी तशीच वाटली होती हे ज्याचं त्याला ठाऊक.

काकांनी ग्लास उजेडात धरला. रंग पाहिला. मग नाक आत घालून इतका लांब श्वास घेतला की त्यांचे खांदे वर गेले. एक घोट घेतला, तोंडात घोळवला.

“वा,” ते म्हणाले. “इतकी वर्षं झाली, असं संत्रं मला आठवत नाही. ताज्या सालीसारखं, नखानं सोलताना उडतं ना तसं. मागून पाइन, आणि शेवटी बघा, मिरी. माझ्या बायकोला ही फार आवडली असती.”

कुणी काही बोललं नाही. आता रीत संपली होती, आता बोलायला हरकत नव्हती, आणि कुणी काही बोललं नाही.

नर्सबाई हळूच म्हणाल्या, “पुन्हा एकदा हुंगून बघाल का?”

काकांनी पुन्हा हुंगलं. “मिरी,” ते म्हणाले, पण आवाज उतरला होता.

बाईंनी आपला ग्लास बाकावर ठेवला. आयुष्यभर त्यांनी आजारी माणसं पाहिली होती. मला वाटतं सगळ्यात आधी त्यांना कळलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरून बाकीच्यांना. कीव कशी दिसते ते मी त्या दिवशी पाहिलं. सगळे एकदम फार प्रेमानं वागायला लागतात. कुणी म्हणालं, इंटरेस्टिंग आहे. कुणी म्हणालं, थंडी वाढतेय. एकानं काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. काकांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या ग्लासात बघत होतो.

बाकीच्या बाटल्या उघडल्याच नाहीत. अर्ध्या तासात सगळे गेले. मी थांबलो. ते ग्लास गोळा करत होते, मी मदतीला पुढे झालो तर त्यांनी ट्रे बाजूला घेतला.

“कसला वास होता?” त्यांनी विचारलं.

“लसणाचा.”

“काल होता?”

“हो.”

“खुडायच्या दिवशी?”

“हो.”

“आणि शुक्रवारी? शिडीवर?”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. हिरवा ठिपका, मीटिंग, पाव किलो लसूण, नखांतली सालं, मला कसं वाटलं की वास माझ्याच हातांचा आहे. बोलताना माझ्या लक्षात आलं की यातला एक एक शब्द खरा आहे आणि ऐकायला सगळं खोटं वाटतंय.

“नळ तिथेच होता,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांची सगळ्यांना ईमेल आली. पावणेदोन वर्षांपासून आपल्याला वास येत नाही, हे लपवलं ही आपली चूक. यंदाचा दिवस आपण अंदाजानं ठरवला आणि तो चुकला. दहा जणांची मेहनत वाया गेली त्याबद्दल माफी असावी. यापुढे मालाचं वाटप दुसरीकडे करावं. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. खाली एकामागून एक उत्तरं येत गेली, सगळी मायेची. मी उत्तर लिहायला घेतलं: दिवस त्यांनी नाही, मी ठरवला होता. हे वाक्य मी तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा खोडलं. मग बाकीच्यांसारखंच ‘टेक केअर’ लिहिलं आणि सेंड केलं.

या एप्रिलमध्ये ट्रक नर्सबाईंच्या दारात आला. काका आले नाहीत, त्यांनी काही मागवलंही नव्हतं. मी माझ्या वाट्याचं अर्धं मॉल्ट एका बादलीत भरलं आणि त्यांच्याकडे घेऊन गेलो. सहा महिन्यांत मी तिथे पहिल्यांदाच जात होतो. दक्षिणेच्या भिंतीपाशी सहा खड्डे होते आणि शेजारी मुळ्यांचा ढीग वाळत पडला होता. त्यांनी दार उघडलं, मला आत घेतलं, खुर्ची दिली. रागावलेले नव्हते. बादलीकडे पाहून म्हणाले, “घेऊन जा, मी आता करत नाही.”

मी म्हणालो, मी येत जाईन. रोज नाही तर आठवड्यातून दोनदा. काही हुंगून हवं असेल, फ्रिजमधलं काही, गॅस वगैरे, मला फोन करा, मी दहा मिनिटांवर आहे.

त्यांनी उठून फ्रिजमधून दुधाची बाटली काढली. जवळजवळ भरलेली होती. झाकण उघडून त्यांनी ती माझ्यापुढे धरली, आणि मी वाकणार तेवढ्यात मागे घेतली.

“शेजारच्या मुलीला विचारायचो पूर्वी,” ते म्हणाले. “ती सांगायची, चांगलं आहे, आणि मी प्यायचो. आता ती चांगलं म्हणाली की मला वाटतं, हिला शाळेची घाई असेल. म्हणून विचारणंच सोडलं. शंका आली की ओतून देतो.”

त्यांनी सिंकपाशी जाऊन बाटली उपडी केली. मी जवळच उभा होतो. दूध ताजं होतं, आणि ते मी त्यांना सांगितलंही. त्यांनी मान हलवली आणि शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं.